पोटाला चिमटा

माणूस आतून कसा आहे हे डॉक्टरला कळतं म्हणतात. आम्हा लाँड्रीवाल्यांना तो बाहेरून कळतो, आणि तेवढं पुरे होतं. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासायचं काम आमच्या दुकानात पहिल्यापासून माझ्याकडे. वापरलेले रुमाल, चघळून कागदात गुंडाळलेलं च्युइंगगम, दात कोरलेल्या काड्या, एकदा तर अख्खी दाढ. कॉलरच्या आतला मेणचट काळा पट्टा तर मला जेवतानाही दिसतो. प्रत्येक गोष्टीला नाक मुरडते म्हणून घरचे मला नाकवाली म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण इतक्या वर्षांत कुणाच्या खिशातून काही निघालं म्हणून मला जेवढी शिसारी आली नसेल तेवढी माझ्या सख्ख्या भावाच्या एका वाक्याने आणली.

"पोटाला चिमटा काढू," तो म्हणाला, "पण पोरीला तिथेच शिकवू."

दुकान आमच्या दोघांचं आहे. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जाताना अर्धं त्याच्या नावावर केलं, अर्धं माझ्या. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. दुकानावरच्या खोल्यांत आम्ही एकत्र राहतो : भाऊ, वहिनी, त्यांची धाकटी मुलगी बारकी आणि मी. थोरला मुलगा शिकून नोकरीला लागला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेऊन राहतो. दुकान गहाण टाकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. म्हणूनच भाऊ त्या दिवशी माझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला होता. एरवी तो तिकडे फिरकत नाही, वाफेने त्याच्या चष्म्यावर धुकं धरतं.

पोटाला चिमटा काढायला माझी हरकत नव्हती. त्याचं पोट, त्याचा चिमटा. पण थोरल्याच्या वेळी त्याने जो चिमटा काढला त्यात माझंही पोट सापडलं होतं, आणि त्याचा वळ अजून गेला नव्हता.

थोरल्याच्या वेळी मी सही केली होती. ड्रायक्लीनिंगचं मशीन विकलं आणि मागची खोली बँकेकडे गहाण पडली. मशीन गेल्यापासून कोट, सूट, जाड पडदे सगळं दुसऱ्याच्या कारखान्यात पाठवावं लागतं. गिऱ्हाईक आमचं, तोंड देतो आम्ही, आणि नफा त्याचा. थोरला शिकला, बऱ्या नोकरीला लागला, हे मी नाकारत नाही. पण ते कर्ज अजून चालू आहे आणि हे त्याला ठाऊक नाही. त्याला नोकरी लागली त्याच दिवशी भाऊने सांगून टाकलं होतं, "फिटलं सगळं. तू तुझं बघ." का, तर बापाने मुलापुढे हात पसरू नये. बहिणीपुढे मात्र दर महिन्याला पसरावा, हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते त्यालाच माहीत. बारकीला हे हप्ते दुकानाच्या दुरुस्तीचे म्हणून सांगितलेले.

वहिनी एकाच बाजूने जेवते. दुसऱ्या बाजूची दाढ किडली आहे. दाखवायला चल म्हटलं की म्हणते, "हप्ते संपू देत, मग बघू." हे ती गालावर हात ठेवून म्हणते, आणि बारकी समोर बसलेली असताना म्हणते. सोसायचं तर माणसाने गुपचूप सोसावं. हे दोघं सोसतात आणि ते पोरांच्या ताटात वाढतात.

बारकीला आर्किटेक्चर शिकायचं होतं. मार्क चांगले होते. भाजीबाजारामागच्या सरकारी कॉलेजात तिला हाच विषय मिळत होता, आणि तिथली फी आम्ही दुकानाच्या गल्ल्यातून भरली असती. तिथली चित्रं काढायची टेबलं डुगडुगतात आणि जिन्यात कबुतरं घाण करतात, हे मला मान्य आहे. पण थोरला ज्या काचेच्या कॉलेजात शिकला, तिथेच बारकीलाही घालायचं, हे भाऊने ठरवून टाकलं होतं.

सही करण्याआधी एकदा बघून तरी ये, असं म्हणून तो मला कॉलेजच्या पालक-मेळाव्याला घेऊन गेला. एका हॉटेलचा थंडगार हॉल. दारात कॉफी फुकट. माझी नजर आपली कॉलरवर जाते, त्याला इलाज नाही. तिथे बसलेल्या बापांच्या कॉलरी बघून मला गलबलून आलं. घासून विरलेल्या, काही उलटून शिवलेल्या, आणि सगळ्या आदल्या दिवशी कडक इस्त्री केलेल्या. त्यातल्या दोन तर मीच केल्या होत्या. व्यासपीठावर एक हसरी बाई आली. समुपदेशक, असं तिच्या छातीवर लिहिलं होतं. ती म्हणाली, "तुमच्या मुलांच्या स्वप्नाला तुम्ही किंमत लावणार आहात का?" सगळ्यांनी माना हलवल्या, छे छे, किंमत कसली लावायची. मग तिने मागच्या पडद्यावर किंमत लावली.

त्याच हॉलमध्ये भिंतीला लागून बँकेचं टेबल मांडलं होतं. कसायाच्या दुकानात सुरी शोधावी लागत नाही, तशी सोय. लोक कॉफीचे कप हातात घेऊन रांगेला लागले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भाऊ मात्र पुढच्या माणसाला सांगत होता, "आमचा थोरला इथलाच. पोटाला चिमटा काढून शिकवला." तो माणूस आदराने मागे सरला आणि त्याने भाऊला रांगेत पुढे जाऊ दिलं. मी बाहेर येऊन उभी राहिले.

घरी आल्यावर मी बारकीलाच धरलं. ती काउंटरमागे बसून कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या टाचत होती.

"तुला खरंच तिथे जायचंय?" मी विचारलं.

"हो."

"काय वेगळं शिकवतात तिथे?"

"ते मला माहीत नाही, आत्या." तिने मान वर केली नाही. "पण दादाच्या वेळी कुणी त्याला विचारलं होतं का, काय वेगळं शिकवतात म्हणून?"

मी तिच्यापुढच्या चिठ्ठ्या सारख्या करायला लागले.

"त्याच्या वेळी तू सही केलीस," ती म्हणाली. "माझी पाळी आली आणि सगळ्यांना अंथरूण दिसायला लागलं. मग माझेच पाय आखडायचे का?"

तिचं चुकत काहीच नव्हतं, पंचाईत तीच होती. मुलावर उधळायचं आणि मुलीच्या वेळी शहाणपण सुचायचं, असल्या घरांचा मला जन्मभर तिटकारा. आता तेच मी करायला निघाले होते. सही केली तर राहिलेलं दुकान जातं, आणि नाही केली तर जगातल्या सगळ्या आत्यांसारखी मीही पोरीच्या आडवी येते. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही मी दोनदा इस्त्री केली आणि तिसऱ्यांदा करायला घेतली तेव्हा वहिनीने ती हातातून काढून घेतली.

रविवारी थोरला आला. तो दर रविवारी येतो. एका हातात केकचा डबा आणि दुसऱ्या हातात आठवड्याच्या मळक्या शर्टांची पिशवी. जाताना मागच्या आठवड्याचे शर्ट हँगरवर लावून घेऊन जातो. घरच्याच दुकानात पैसे कसले द्यायचे? कपडे धुवायला इथे येतात म्हणून त्याच्या बायकोने घरी मशीनच घेतलेलं नाही. त्याच्या खिशांत हॉटेलांच्या पावत्या असतात आणि त्या मीच काढून ठेवते.

जेवताना विषय निघाला. थोरला बारकीला म्हणाला, "बिनधास्त जा. शिक्षणासाठीचं कर्ज हे वाईट कर्ज नसतंच मुळी. माझंच बघ ना."

"काय बघायचं तुझं?" मी विचारलं.

"म्हणजे, फिटलंच की आत्या."

"कुणी फेडलं?"

"बाबांनी." त्याने भाऊकडे असं बघितलं, की जणू त्याला बक्षीस देतोय. भाऊने मान खाली घालून विनयाने भाकरीचा तुकडा मोडला. मला तो विनय सहन झाला नाही.

"सोमवारी हप्ता गेला," मी म्हणाले. "तुझ्या शिक्षणाचा. पुढच्या महिन्यात पुन्हा जाईल. तुझ्या आईची दाढ त्याच्यामागे रांगेत उभी आहे."

वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, जेवताना कशाला."

थोरल्याने घास खाली ठेवला. मला वाटलं, आता हा बापाचे पाय धरेल, निदान लाजेल तरी. तो आधी गोरामोरा झाला आणि मग चिडला. "मला कुणी सांगितलं होतं? मी म्हणालो होतो का, मला तिथेच घाला? तुम्हीच म्हणालात, फिटलं. मी त्या हिशेबाने फ्लॅट घेतला. आता माझाही हप्ता आहे."

"तुला कुणी मागतंय का?" भाऊ घाईघाईने म्हणाला. "हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. तू जेव."

तो जेवला नाही. उठला, हात धुतले आणि इस्त्रीचे शर्ट मात्र सुरकुती पडू न देता अलगद उचलून घेऊन गेला. वहिनी रडायला लागली. कर्जासाठी रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडत होती ते पोरगं भरल्या ताटावरून उठलं म्हणून. तेवढ्यात माझं लक्ष बारकीकडे गेलं. ती आईकडे बघत होती, मग बापाकडे, मग दाराकडे. तिच्या तोंडावर जे होतं ते मी आरशात रोज बघते. पोरीने नाक मुरडलं होतं.

त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी तिघांना खाली बोलावलं. आबांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता : ज्याच्या हातून कपडा बिघडेल त्यानेच भरून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मालक असो की नोकर. भाऊने तरुणपणी एकदा कुणाचा मखमली कोट जाळला होता, तेव्हा आई म्हणाली होती, लहान आहे, पैसे तुम्ही द्या. आबांनी दिले नाहीत. भाऊ स्वतः गेला, स्वतः बोलला आणि पुढे कितीतरी महिने स्वतःच्या पगारातून देत राहिला. पण त्यानंतर त्याच्या हातून कधी काही जळलं नाही.

"मी सही करते," मी म्हणाले. भाऊचा चेहरा फुलला. "पण कर्ज बारकीच्या नावावर. आपण दोघं जामीन. बँकेची पत्रं तिच्या नावाने येतील आणि ती फोडून वाचेल. शिकत असेल तोवर आपण भरू. नोकरी लागली की ती भरेल. एक पैसा लपवायचा नाही."

"मला चालेल," बारकी लगेच म्हणाली.

"तुला काय कळतंय?" भाऊ म्हणाला.

"कळतंय, बाबा. मी भरेन. आणि एवढं मलाच भरायचं असेल तर मी कॉलेजही पुन्हा एकदा बघून घेईन."

माझं मन भरून आलं. इतक्या वर्षांत आमच्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच सरळ वाक्य बोललं होतं. पण भाऊ खुर्चीवरून उठला.

"मी अजून जिवंत आहे," तो म्हणाला. "पोरीच्या डोक्यावर कर्ज ठेवून मी चार लोकांत तोंड कुठे दाखवू? मुलाला मी शिकवला आणि मुलीला बँकेने, असं म्हणतील."

"म्हणू देत. दुकान तर तेच गहाण पडणार आहे. पैसे तेच. मग अडतंय कुठे?"

उत्तर वहिनीने दिलं. ती नेहमी शेवटी बोलते आणि खोटं बोलायचं तिला सुचत नाही.

"वन्सं, तिचं तिनेच फेडलं," ती गालावर हात ठेवून म्हणाली, "तर मग ती आमचं काय देणं लागेल?"

बारकीने आईकडे असं बघितलं, की वहिनी गडबडून साडीचा पदर नीट करायला लागली. तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, हे मला माहीत आहे. तिला म्हातारपणाची भीती वाटते, एवढंच. पण पोराला शिकवायचं ते त्याला पंख फुटावेत म्हणून, असं बाहेर सांगायचं आणि आतून त्याच्या पायात दोरी अडकवायची. थोरल्याची दोरी यांनी इतकी मऊ वळली, की त्याला ती जाणवलीच नाही. तो खुशाल उडाला. म्हणून आता बारकीची पक्की वळायची होती.

"माझ्या नावावर असेल तर ठीक," भाऊ म्हणाला. "नाहीतर नकोच."

"नकोच?" मी विचारलं. "म्हणजे तिला तिथे शिकवणार नाहीस?"

"असल्या अटी घालून नाही."

ज्या कॉलेजासाठी हा माणूस दुकान फुंकायला निघाला होता, ते कॉलेज त्याने एका वाक्यात सोडून दिलं. मुलगी तीच, मार्क तेच, काचा त्याच. फक्त त्याग त्याच्या नावावर लागणार नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणी याच्या शेजारी झोपले होते, एका ताटात जेवले होते. कॉलरच्या आतला काळा पट्टा मी घासून काढते, पण हा कशाने काढायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सही केली नाही. त्याने पुन्हा मागितली नाही. प्रवेशाची तारीख आली आणि गेली.

बारकी भाजीबाजारामागच्या कॉलेजात जायला लागली. संध्याकाळी येऊन काउंटरला हातभार लावायची आणि मला सांगत बसायची : कबुतरं कशी नकाशावर शिटतात, एक म्हातारे सर डोळे मिटून रेघ कशी सरळ मारतात. हसायची. बापाशी मोजकं बोलायची. भाऊ मात्र खंगल्यासारखा दिसायला लागला. गिऱ्हाईक नसलं की नुसता बसून राहायचा, आणि रांगेत पुढे जाऊ देणारं आता त्याला कुणी भेटत नव्हतं. मला त्याची दया आली नाही. मला वाटायचं, या घरातलं एक तरी पोर सुटलं.

एका संध्याकाळी बारकीच्या शाळेतल्या गणिताच्या बाई पडदे न्यायला आल्या. दुकानात आम्ही चौघंच होतो. बाई काउंटरशी भाऊसमोर उभ्या होत्या, बारकी पडदे बांधत होती आणि मी मागे इस्त्रीवर.

"काय गं, कुठे घेतलास प्रवेश?" बाईंनी विचारलं. बारकीने सांगितलं. बाईंची निराशा झालेली दिसली. "तिथे? तुझ्या भावाच्या कॉलेजात जाशील असं वाटलं होतं मला. तुझे मार्क तर त्याच्याहून चांगले."

भाऊने सुस्कारा टाकला. "काय करणार, बाई. मी पोटाला चिमटा काढायला तयार होतो. पण दुकान एकट्याचं नाही ना. सही मिळाली नाही." आणि त्याने हळूच मान माझ्या दिशेला वळवली.

मी इस्त्री टेबलावर उभी केली. बोलायला तोंड उघडणार होते, पण म्हटलं, मी कशाला बोलू. पोरगी समोर उभी आहे, तिला सगळं माहीत आहे. तिच्या देखत झालं आहे. बाईंनीही तिलाच विचारलं, "खरं का गं?"

बारकीने बापाकडे बघितलं. त्याचा पावती लिहिणारा हात थांबला होता आणि चष्म्याआडचे डोळे तिच्यावर होते. गेल्या कित्येक दिवसांत त्याने तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. मला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. तो आधी कोरा होता. मग त्यावर काहीतरी मऊ पडत गेलं.

"हो, बाई," ती म्हणाली. "बाबा तयारच होते. आत्याने सही केली नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी डागाकडे बघते तसं. भाऊची मान ताठ झाली, त्याने पावती पूर्ण केली आणि उरलेले पैसे मोजून बाईंच्या हातावर ठेवले. बाई गेल्यावर तो बारकीला म्हणाला, "जा बाळ, वर जाऊन अभ्यास कर. इथलं मी बघतो." इतक्या मायेने तो तिच्याशी बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता. ती माझ्या टेबलाजवळून गेली तेव्हा तिने मान वर केली नाही.

ही पोरगी बापाचं काही देणं लागू नये म्हणून मी घरभर वैर घेतलं होतं. आणि तिने त्याला पहिला हप्ता भरलाही होता, माझ्या जिवावर. असे अजून किती भरायचे आहेत, हे तिला कुणी सांगणार नव्हतं.